ऑपरेशननंतर उदास व्हायची मुभा

ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा माझ्या समुपदेशक बाईंनी मला एक काम दिलं. ऑपरेशननं काय काय बदलणार नाही, त्याची यादी करून आणा. काय बदलेल याची यादी मी झोपेतही म्हणून दाखवली असती. वर्षानुवर्षं तीच घोकत आले होते. न बदलणाऱ्या गोष्टी लिहायला बसले आणि पेन अडलं. शेवटी कसंबसं लिहिलं: उंची. आवाज. आईचं माझ्याशी न बोलणं. रात्री दोनला जाग येऊन दुसऱ्या दिवसाच्या कामाची धडकी भरणं. बाईंनी कागद वाचला, घडी घालून परत माझ्याच हातात दिला. म्हणाल्या, "जपून ठेवा. दुसऱ्या महिन्यात लागेल."

मी ट्रान्स स्त्री. हॉर्मोन्स सुरू होऊन काही वर्षं झाली होती, कागदोपत्री नाव बदलून झालं होतं, ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. उरली होती ती व्हजायनोप्लास्टी, म्हणजे आहे त्याच अवयवांची त्वचा आणि ऊती वापरून योनी, भगोष्ठ आणि शिश्निका घडवण्याची शस्त्रक्रिया. ती कशी करतात याबद्दल वाचायला पुष्कळ मिळतं. जॉर्ज ब्युरू या फ्रेंच डॉक्टरांनी १९५०च्या दशकात कासाब्लांकामध्ये शिश्नाची त्वचा आत उलटवून योनीमार्ग तयार करायची पद्धत बसवली. तिचीच सुधारलेली रूपं आजही वापरात आहेत. त्यामुळे शरीराचं काय होणार याची मला बऱ्यापैकी कल्पना होती. मनाचं काय होणार, याबद्दल मात्र दोनच सूर कानावर यायचे. एक म्हणायचा, नवा जन्म मिळेल. दुसरा म्हणायचा, पस्तावशील. माझ्या वाट्याला आलं ते या दोन्हींत बसेना, म्हणून लिहितेय.

आधी पत्राबद्दल. अशा ऑपरेशनसाठी मानसिक आरोग्यातल्या जाणकाराचं पत्र लागतं. जगभरातले डॉक्टर ज्यांचा आधार घेतात त्या डब्ल्यूपाथच्या, म्हणजे ट्रान्स लोकांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, मार्गदर्शक सूचनांमध्ये पूर्वी दोन पत्रं सांगितलेली होती. २०२२ साली आठवी आवृत्ती आली तिनं एक पुरे म्हटलं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेचं अकरावं रोगवर्गीकरण लागू झालं आणि आमचा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून उचलून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला गेला. मोठीच गोष्ट झाली. पण पत्र एक असो की दोन, ते ज्याच्या हातात असतं त्याच्यासमोर माणूस मोकळं बोलत नाही. भीती वाटते, मध्येच कधीतरी 'राहू दे सगळं' असं मनात येतं, हे बोलून गेलो आणि पत्र लांबलं तर? म्हणून चेहरा ठाम ठेवायचा. प्रत्येक भेटीत ठाम. या विषयात परीक्षा असती तर आमच्यातल्या निम्म्या जणी बोर्डात आल्या असत्या. पत्र देऊन झाल्यावरच बाईंनी ते यादीचं काम का सांगितलं, हे आता लक्षात येतं. त्याआधी मी खरं लिहिणार नाही हे त्यांना ठाऊक असणार.

हॉस्पिटलचं थोडक्यात सांगते. शुद्धीवर येताना पहिली जाणीव आनंदाची नव्हती, तहानेची होती. पुढचे काही दिवस पाठीवर, कॅथेटर लावलेला, आत पॅकिंग ठासलेलं. पॅकिंग काढतात तो प्रकार मात्र विसरता येणार नाही. पट्टी निघायला लागते ती निघतच राहते, आणि दर वितीगणिक वाटतं की आता संपली. संपत नाही. मग नर्सनं हातात छोटा आरसा दिला. सूज, जांभळट काळेपणा, टाके. मी त्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बरं." नर्स हसायला लागली, "बरं काय, मॅडम?" तिनं बहुधा रडणाऱ्या किंवा देवाचं नाव घेणाऱ्या बायका पाहिल्या असतील. माझ्याकडे तेवढंच होतं.

घरी ताई येऊन राहिली. डायलेशन तिनं माझ्याबरोबरच शिकून घेतलं, म्हणजे वेळेचं गणित आणि धुण्यापुसण्याचं. डायलेटर म्हणजे कडक, गुळगुळीत दांडा. वेगवेगळ्या जाडीचे संचानं मिळतात, अंगावर खोलीच्या खुणा असतात. सुरुवातीच्या महिन्यांत माझ्या सर्जननी दिवसातून तीनदा सांगितलं होतं, दर वेळी साधारण अर्धा तास. भरपूर जेल लावायचं, गुडघे दुमडून पाठीवर पडायचं, श्वास सोडत सोडत हळूहळू आत सरकवायचा. एका ठिकाणी तो अडतो. तिथे जोर लावायचा नाही. ओटीपोटाचे स्नायू सैल पडेपर्यंत छताकडे बघत थांबायचं. मग पुढची खूण. हे टाळलं तर भरत येणारी जखम आकुंचन पावते, मार्ग अरुंद होतो आणि खोली जाते. गेलेली खोली सहजासहजी परत मिळत नाही. त्यानंतर स्वच्छता, पॅड, डायलेटर धुवून वाळवणं. अर्ध्या तासाचा सहज तास होतो. असे तीन तास रोज, आणि मधल्या वेळात धड बसता येत नाही.

याच दिवसांत कधीतरी मी खाली गेले. काही घडलं नव्हतं. जखम चांगली भरत होती, सर्जन खूश होते. मला मात्र सकाळी डोळे उघडावेसे वाटेनात. आवडीचं काही आणलं तर बघवेना. फोन वाजला की तो वाजून थांबेपर्यंत बघत बसायचं. एकदा दुपारी डायलेटर आत असतानाच रडू फुटलं, आणि तशा अवस्थेत हुंदके देता येत नाहीत, दुखतं. दाराबाहेरून ताईचा आवाज आला.

"काय झालं गं? दुखतंय का?"

"नाही."

"मग?"

"माहीत नाही."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग अगदी हळू आवाजात, "पस्तावा होतोय का गं?"

मी "नाही!" इतक्या जोरात ओरडले की तीच दचकली असेल. पण त्या दिवसापासून ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली आणि मी तोंड सांभाळायला. जेवताना उगाच हसून बोलायचं. मैत्रिणींना 'एकदम मस्त' असा निरोप पाठवायचा. पत्रासाठी कमावलेला तो ठाम चेहरा पुन्हा चढला, तोही आपल्याच घरात, जिवाभावाच्या माणसासमोर.

गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस तिसऱ्या आठवड्यात वैतागून रडला तर त्याला कुणी विचारत नाही की बाबा रे, गुडघा बदलल्याचा पस्तावा होतोय का? त्याला उशी देतात, गोळी देतात, होईल हळूहळू म्हणतात. आमच्या प्रत्येक अश्रूचा मात्र निकाल लागतो. रडली, म्हणजे चुकलं. आणि हे फक्त बाहेरचे करत नाहीत. रात्री मीच माझ्यावर खटला चालवत होते.

शेवटी माझ्या आधी काही वर्षं या सगळ्यातून गेलेल्या मैत्रिणीला फोन केला. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुसरा महिना ना? मी त्या महिन्यात साबणाच्या जाहिरातीला रडले होते. एक सांग, आधीचं परत हवंय?"

"नाही."

"मग झोप जरा."

तिच्यानंतर बाईंशी बोलले. ही भेट त्यांनी ऑपरेशनच्या आधीच ठरवून ठेवली होती. मला वेळ मागायची गरज पडू नये म्हणून. त्यांनी एकेक गोष्ट सुटी करून दाखवली. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून माझ्या सर्जननी ऑपरेशनआधी काही आठवडे इस्ट्रोजेन थांबवलं होतं. (आता सगळे सर्जन थांबवतातच असं नाही.) ऑपरेशनमध्ये वृषणं काढली जातात, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचा मुख्य स्रोतही संपतो. इस्ट्रोजेन पुन्हा सुरू होऊन अंगात पुरेसं जमेपर्यंत शरीर जवळजवळ दोन्हींविना चालतं, आणि त्या अवस्थेत मूड टिकवून धरणं कुणालाही जड जाईल. त्यात भूल, रक्त गेलेलं, वेदनेसाठी दिलेली अफूजन्य औषधं बंद झालेली, तुटक झोप, चालणंफिरणं नाही, शौचालयात जायलासुद्धा दुसऱ्याचा हात. नैराश्य मोजायला नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली सर्रास वापरतात. त्यात झोप, थकवा, भूक, हालचाल मंदावणं यांवर प्रश्न आहेत, आणि मोठ्या ऑपरेशनमधून उठणाऱ्या कुणाचेही गुण तिथे चढणारच. बाईंनी ते प्रश्न बाजूला ठेवले आणि उरलेल्यांवर बोलत बसल्या. सगळं असह्य झालं, जगू नये असं वाटलं तर कुणाला, कोणत्या वेळी फोन करायचा, हेही आमचं आधीपासून लिहून ठेवलेलं होतं. ते पुन्हा मोठ्यानं वाचून घेतलं. ताईलाही आत बोलावलं. मग म्हणाल्या, "तो यादीचा कागद काढा." रात्री दोनची धडकी त्यात होती. माझ्याच अक्षरात.

जागरणाच्या त्या रात्रींमध्ये मी संशोधन वाचत बसायचे. ते औषध म्हणून मुळीच सुचवणार नाही, पण वाचलं ते सांगते. सगळ्यात आधी हाताला लागतो तो २०११ सालचा स्वीडनमधला अभ्यास. १९७३ ते २००३ या काळात शस्त्रक्रियेद्वारे लिंगबदल झालेल्या ३२४ लोकांमध्ये सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत आत्महत्या आणि मानसिक आजारासाठी दाखल होणं पुष्कळ जास्त आढळलं. रात्री तीनला, एकटीनं, हे वाचून अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी पूर्ण वाचला तेव्हा कळलं की तुलना ट्रान्स नसलेल्यांशी होती. ऑपरेशन हवं असून न मिळालेल्या ट्रान्स लोकांशी नव्हती. ऑपरेशननं फायदा झाला की तोटा, हे यावरून ठरवता येणार नाही, असं त्या संशोधकांनीच तिथे लिहून ठेवलंय. तेवढं वाक्य गाळून तो अभ्यास सगळीकडे फिरतो.

उलट बाजूनंही असंच होतं. २०२० साली स्वीडनच्याच नोंदींवरून, शस्त्रक्रियेला जितकी वर्षं होत जातात तितके मानसिक उपचार कमी लागतात, असा निष्कर्ष छापून आला. त्यावर आक्षेप घेतले गेले, आकडे पुन्हा तपासले गेले, आणि शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्यांची थेट तुलना केली तेव्हा फायदा दिसला नाही; त्याच नियतकालिकाला दुरुस्ती छापावी लागली. २०२१ साली अमेरिकेतल्या सत्तावीस हजारांवर ट्रान्स व्यक्तींच्या जुन्या पाहणीतून निघालेल्या विश्लेषणात, हवी असलेली शस्त्रक्रिया मिळालेल्यांमध्ये तीव्र मानसिक त्रास आणि आत्महत्येचे विचार ती न मिळालेल्यांपेक्षा बरेच कमी आढळले. पण ती एकाच वेळी घेतलेली पाहणी. आधी काय, नंतर काय, ते तिच्यातून नीट उलगडत नाही. पस्ताव्याबद्दल मला पटला तो अॅमस्टरडॅमच्या क्लिनिकचा अभ्यास. १९७२ ते २०१५ या काळात तिथे आलेल्या ६,७९३ लोकांच्या नोंदी तपासल्या, तर जननग्रंथी काढलेल्या ट्रान्स स्त्रियांपैकी ०.६ टक्क्यांच्या बाबतीत पस्तावा नोंदलेला होता. बरेच लोक नंतर तपासणीला येईनासे झाले, हेही त्यात स्पष्ट लिहिलंय. आणि त्या थोडक्यांतल्या काहींचा पस्तावा शरीराबद्दल नव्हताच. घरच्यांनी तोडलं, लोकांनी जगू दिलं नाही, म्हणून होता.

हे वाचून मी सुखी झाले नाही. पण 'पस्तावा नाही' आणि 'बरं चाललंय' ही दोन वेगवेगळी मोजमापं आहेत, एवढं डोक्यात बसलं. पहिलं माझ्यापुरतं पक्कं होतं. दुसरं तेव्हा साफ खोटं होतं. दोन्ही एकदम ताईला सांगितलं, त्या दिवसापासून घरात मोकळेपणानं रडता यायला लागलं.

पुढचं हळूहळू. इस्ट्रोजेन सुरू झालं. ते आता सोडता येणार नाही, कारण जननग्रंथी नसताना हॉर्मोन बंद ठेवलं तर हाडं ठिसूळ होतात. आत एका ठिकाणी जखमेवर नको तितकी लाल, ओलसर ऊती वाढली होती. तिच्यावर सिल्व्हर नायट्रेट लावून जाळलं, त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं ते मात्र निव्वळ दुखण्याचं. लघवीची धार बरेच दिवस नको त्या दिशेला जायची. संवेदना परत येताना विजेचे झटके बसल्यासारखं होतं, बसमध्ये, मीटिंगमध्ये, कुठेही. नसा दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतात, त्यामुळे घाई करून उपयोग नसतो. शरीरसुखाबद्दल एवढंच सांगते की ते आहे, आणि ते नव्यानं शिकावं लागलं.

आणि मग एका सकाळी ऑफिसला उशीर झाला. पँट चढवली, किल्ल्या शोधल्या, जिन्यात पोचले आणि थबकले. मी आरशात बघितलंच नव्हतं. आधी रोज निघण्यापूर्वी टकिंग, म्हणजे पुढचा उभार दिसू नये म्हणून अवयव मागे दाबून बसवणं, मग घट्ट चड्डी, मग पुढून बघ, बाजूनं बघ, बसून बघ, वाकून बघ. कुठे जायचं तर तिथे स्वच्छतागृह कसं असेल याचा आधी विचार. पाणी कमी प्यायचं. हे सगळं मी किती वर्षं करत होते आणि त्यात किती डोकं खर्ची पडत होतं, ते त्या सकाळी कळलं. माझ्यासाठी ऑपरेशनचं यश म्हणजे हेच. आता दिवसातला बराच वेळ मला माझं शरीर आठवत नाही.

वर्ष झाल्यावरच्या तपासणीत एक छोटी प्रश्नावली भरायला दिली. आयुष्याबद्दलचं समाधान मोजायला १९८५ साली तयार झालेली, पाचच विधानांची. प्रत्येकाला एक ते सात गुण द्यायचे, एकूण पाच ते पस्तीस. पहिल्या चार विधानांना मी बऱ्यापैकी गुण दिले. आयुष्य हवं तसं आहे का, परिस्थिती चांगली आहे का, समाधानी आहे का, महत्त्वाचं ते मिळालं का, हो, बरचसं. पाचव्याशी अडले. आयुष्य पुन्हा जगायला मिळालं तर मी जवळपास काहीच बदलणार नाही, अशा अर्थाचं ते विधान आहे. काहीच नाही? शाळेची सगळी वर्षं? मुलांच्या रांगेत उभी राहिलेली, दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं हाक आली की हात वर करणारी मी? विशीतली वर्षं, जी मी पडदे ओढून काढली? मी तिथे एक गुण दिला आणि पेन ठेवलं.

बाईंना ते दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, कित्येक जणी या विधानापाशी अडतात. ऑपरेशनपर्यंत सगळी ताकद तिथे पोचण्यात जाते. पोचल्यावर मागे बघायला सवड मिळते, आणि मागे जे दिसतं त्याचं सुतक तेव्हा सुरू होतं. माझी आजची अवस्था चांगली असल्यामुळेच ते दुःख जास्त टोचतं, कारण इतकं साधं होतं तर आधी का नाही, असं वाटत राहतं. याचं उत्तर कोणत्याही सर्जनकडे नाही. मी त्यासाठी अजूनही बाईंकडे जाते, आणि गोळ्याही घेते. रात्री दोनच्या धडकीच्या. त्या ऑपरेशनच्या आधीपासून चालू होत्या.

स्वीडनमध्येच १९० ट्रान्स स्त्रियांची ऑपरेशनच्या आधीपासून पुढे पाच वर्षांपर्यंत पाहणी झाली होती, २०१७ साली छापून आली. त्यात पहिल्या वर्षी जीवनमान वर गेलं आणि तिसऱ्या, पाचव्या वर्षी पुन्हा थोडं खाली आलं. मला यात धक्का बसण्यासारखं काही दिसत नाही. पहिल्या वर्षी आपण एका जिंकलेल्या गोष्टीवर जगतो. नंतर भाडं, बढती, म्हातारे होणारे आईवडील, जोडीदार मिळणं न मिळणं, रस्त्यावर वळून बघणारे लोक, हे सगळं परत आपल्या जागेवर येऊन बसतं. अल्पसंख्य म्हणून रोज सोसाव्या लागणाऱ्या ताणाचा मनावर होणारा परिणाम हा संशोधकांचा जुना विषय आहे, आणि तो ताण काही सर्जनच्या टेबलावर उतरत नाही. आई अजून बोलत नाही. तिचं न बोलणं आता जास्त लागतं, कारण आता त्याला माझ्या बाजूनं काही निमित्त उरलेलं नाही.

माझ्याहून लहान एका मुलीची ऑपरेशनची तारीख आली आहे. तिनं विचारलं, काय काय तयारी करू? मी तिला सांगितलं: सहाव्या-सातव्या आठवड्यातली समुपदेशनाची वेळ दाखल व्हायच्या आधीच घेऊन ठेव, उदास असशील तेव्हा फोन उचलून वेळ मागायचं त्राण नसतं. हॉर्मोन्स कधी परत सुरू होणार ते सर्जनकडून लिहून घे. सुटी सांगतात त्यापेक्षा जास्त टाक. प्रोस्टेट जागेवरच राहतं, हे पुढे प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगावं लागेल, आत्तापासून सवय कर. आणि जो कुणी जवळ राहणार असेल त्याला आधीच सांग की मी रडेन, तेव्हा पस्तावा होतोय का असं विचारायचं नाही.

तिच्याजवळ तिचा मोठा भाऊ राहणार आहे. ताई म्हणाली, त्याच्याशी मी बोलते. काल त्यांचा बराच वेळ फोन चालला होता. मी कान देऊन ऐकलं तर सौम्य साबण, कोमट पाणी आणि डायलेटर वाळवायला कुठे ठेवायचे, इथपर्यंतच पोचले होते. बाकीचं रविवारी सांगणार आहे म्हणे.